दारांतल्या रंगीत काचा: काय काढलं, काय ठेवलं

पुण्यात ऐंशीच्या आसपास ज्या सोसायट्या झाल्या त्यांतल्या जुन्या फ्लॅटमध्ये जे राहतात त्यांना मी कुठल्या दारांबद्दल बोलतेय ते लगेच कळेल. सागवानी दार, खालच्या भागात लाकडी पॅनल, वरच्या भागात लाकडी पट्ट्यांचे सहा-आठ चौकोन आणि त्यात काचा. साध्या नाहीत हां, एक तपकिरी पिवळी, एक गडद हिरवी, मधेच एखादी लाल, आणि सगळ्यांवर ती उठावाची पानाफुलांची नक्षी जिच्यात चाळीस वर्षांची धूळ बसलेली असते. आमच्याकडे अशी चार दारं. हॉलमधून पॅसेजमध्ये यायचं एक, पॅसेजमधून किचनमध्ये जायचं एक (याला मात्र खाली पॅनल नाही, काच पार खालपर्यंत) आणि दोन बेडरूमची दोन. किचन आणि बेडरूमच्या दारांवर व्हेंटिलेटर, त्यातही तेच.

या काचा माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, स्वतः भवानी पेठेत जाऊन निवडून आणल्या होत्या असं आई अजून सांगतात. अप्पा मूळचे तळेगावचे. तिथला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ सालचा, लोकांकडून एकेक पैसा वर्गणी गोळा करून उभा केलेला, त्यामुळे तळेगावच्या माणसाला काच या विषयावर बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे असं अप्पांचं मत होतं. आमच्या दारातल्या काचा काही तिथल्या नव्हत्या म्हणा, पण त्यांच्या निवडीवर बोट ठेवायची घरात कुणाची टाप नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या काळात ती निवड चुकीची पण नव्हती. तेव्हा साधी काच म्हणजे शीट ग्लास, तिच्यातून पाहिलं की पलीकडची माणसं वाकडी दिसायची. सपाट स्वच्छ फ्लोट काच आपल्या देशात बनायला लागली तीच नव्वदीच्या दशकात, तळोज्याला आणि अंकलेश्वरला. त्याआधी दारात काच घालायची, उजेड तर यायला हवा पण आतलं दिसायला नको, तर नक्षीची काचच घ्यावी लागायची. ही काच वितळलेली असतानाच दोन रुळांमधून काढतात, त्यातल्या एका रुळावर नक्षी कोरलेली असते, म्हणून एक बाजू खरबरीत आणि दुसरी जवळजवळ गुळगुळीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्रास काय होता? दिसायला जुनाट वाटतं हा एक भाग झाला, पण नुसतं तेवढंच असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं. खरा त्रास पॅसेजचा. आमच्या पॅसेजला खिडकी नाही, त्याला जो काही उजेड मिळतो तो हॉलच्या दारातून, म्हणजे पिवळ्या-हिरव्या काचेतून गाळून. पूर्वी हॉलमध्ये पिवळा बल्ब असायचा तेव्हा ते खपून गेलं. मग घरभर पांढरे एलईडी आले आणि पॅसेजमध्ये उभा असलेला प्रत्येक माणूस कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला. याचं कारण सोपं आहे, तपकिरी पिवळी काच निळा उजेड खाते. पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो, तो काढून घेतला की मागे जे उरतं ते पिवळट हिरवं. आम्ही पॅसेजला मागच्या दिवाळीत ऑफ-व्हाइट रंग दिला, दोन हात, तरी भिंत तेलकटच दिसायची आणि मी उगीच पेंटरला बोल लावत होते. शेवटी एक दिवस दार पूर्ण उघडं ठेवून पाहिलं, भिंत एकदम स्वच्छ. दार लावलं, परत तेलकट.

तर आता करायचं काय. पहिला सल्ला अर्थातच ज्याला बाथरूमच्या कामासाठी बोलावलं होतं त्या कॉन्ट्रॅक्टरचा. दाराला नुसतं बोट लावून म्हणाला, मॅडम ये सब निकाल दो, अब कोई नहीं रखता, फ्लश डोअर लगा देते हैं लॅमिनेट मारके. आणि जुनी दारं? वो हम ले जायेंगे. ते तर मला पण माहितीये की तू घेऊन जाशील बाबा. जुनं सागवान, चाळीस वर्षं सुकलेलं, ना वाकलेलं ना वाळवी लागलेली, बिजागऱ्या पितळी. तसं लाकूड आज घनफुटावर घ्यायला गेलं की हजारांच्या पटीत पैसे मोजावे लागतात, आणि ते देऊन त्याच्या जागी आत पोकळ आवाज येणारं दार लावायचं? ज्यांची दारं खरंच सडलीत त्यांनी जरूर बदलावीत. पण दार चांगलं आहे आणि फक्त काच आवडत नाही म्हणून दार फेकणं याला माझ्या मते काही अर्थ नाही, कारण काच दारात फक्त चार पट्ट्यांनी धरलेली असते, बाकी तिचा आणि दाराचा काही संबंध नसतो.

दुसरा पर्याय फिल्म. फ्रॉस्टेड फिल्म ऑनलाइन मिळते, साबणाच्या पाण्याचा फवारा मारून चिकटवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने पाणी काढून टाकायचं. इथे ती गुळगुळीत बाजू लागते, कारण नक्षीच्या बाजूला फिल्म फक्त उंचवट्यांवर टेकते, खाली हवा राहते आणि काही दिवसांत कोपरे उठतात. मी एका चौकोनावर लावून पाहिली. चिकटली मस्त, पण मागचा पिवळा रंग कुठे जाणार, तो आहेच, फक्त आता धुरकट पिवळा. भाड्याच्या घरात राहत असाल आणि काच साधी किंवा पांढरी असेल तर फिल्म चांगली, नंतर हेअर ड्रायरने गरम करून काढता पण येते. रंगीत काचेवर तिचा उपयोग नाही. किचनच्या दाराला तर नकोच, फोडणीचा तेलकटपणा फिल्मच्या कडेला जाऊन बसतो आणि काळी रेघ दिसते.

रंग मारणं हा तिसरा. आमच्या खालच्या मजल्यावर त्यांनी काचांवर सरळ पांढरा ऑइल पेंट मारलाय. नक्षी तशीच दिसते, उजेड बंद, आणि पुसून पुसून मधे मधे हिरवं डोकावतंय. शेजार आहे, जास्त बोलत नाही.

या सगळ्यात नवऱ्याचं एक पालुपद चालू होतं, की अगं रंगीत काच वाईट कशी, लोक पैसे देऊन स्टेन्ड ग्लास करून घेतात, मुंबईत राजाबाई टॉवरमधली लायब्ररी बघ, सीएसएमटी बघ. मुद्दा बरोबर आहे आणि त्याच मुद्द्यात उत्तर पण आहे. त्या खिडक्या आहेत. बाहेर ऊन, आत अंधार, त्यामुळे काच स्वतः पेटते. कोकणात, गोव्यात जुन्या घरांना दारं-खिडक्यांच्या वरच्या अर्धगोलात लाल-निळ्या काचा असतात, त्या पण बाहेरच्या भिंतीत, म्हणून सकाळी जमिनीवर रंग सांडलेले दिसतात. रंगीत काचेला मागून ऊन लागतं. घरातल्या दोन खोल्यांच्या मधे ती लावली की तिच्या मागे ऊन नाही, ट्यूबलाइट आहे. आपण फक्त होता तो उजेड कमी करतो आणि उरलेला घाण करतो. हे एकदा डोक्यात बसल्यावर मला कुठली काच काढायची आणि कुठली ठेवायची ते आपोआप कळलं. आमच्या मागच्या गॅलरीच्या दारावर व्हेंटिलेटर आहे, पश्चिमेला, त्यात साधी काच होती, दुपारी नुसता भगभगाट. म्हणजे रंगीत काच तिकडे जायला पाहिजे आणि साधी काच इकडे यायला पाहिजे, इतकं उलटं होतं सगळं.

आता काच कुठली घ्यायची. दुकानात गेलात की पहिल्यांदा फ्लूटेड दाखवतात, उभ्या रेघांची, सध्या सगळ्या इन्स्टाग्रामच्या घरांत तीच आहे. मला फॅशनचं कौतुक नाही पण ही काच खरंच चांगली आहे. उजेड जवळजवळ पूर्ण येतो आणि पलीकडचा माणूस फक्त उभ्या उभ्या पट्ट्यांत हलताना दिसतो. एकच सांगते, ऑर्डर देताना कागदावर रेघा उभ्या असं बाण काढून लिहून द्या. नाहीतर काचवाला शीट वाया जाऊ नये म्हणून एखादा तुकडा आडवा कापतो आणि दारात बसवल्यावर तो एकटा चौकोन आडव्या रेघांचा. तो तुकडा फिरवून बसत नाही कारण चौकोन चौरस नसतो. दुसरी बजरी काच, बारीक दाणे दाणे असलेली, पांढरी, आपल्या जुन्या बाथरूमच्या खिडकीतली. हिला लोक नाकं मुरडतात पण बेडरूमच्या दाराला तिच्याइतकी स्वस्त आणि आडोसा देणारी काच नाही. तिसरी फ्रॉस्टेड, त्यात सँडब्लास्ट केलेली, म्हणजे वाळूचा झोत मारून धुरकट केलेली, घेऊ नका असं माझं मत, तिच्यावर हाताचे तेलकट ठसे बसतात आणि निघता निघत नाहीत. ॲसिडने केलेली जास्त गुळगुळीत असते, ती पुसली जाते, महाग पडते. आम्ही हॉल आणि किचनच्या दाराला फ्लूटेड घेतली, बेडरूमना बजरी.

सुरक्षेचं पण बघा. जुनी काच फुटली की लांब टोकदार सुळे होतात. टफन केलेली काच फुटली तर तिचे बारीक बोथट खडे होतात, कारण तिला भट्टीत तापवून वरून गार हवेचा झोत मारलेला असतो आणि त्या ताणामुळे ती एकदम विखुरते. घरात लहान मूल असेल किंवा काच कंबरेच्या खाली येत असेल तर टफनच घ्या. आमच्या किचनच्या दारात काच पार खालपर्यंत आहे, चार लांब उभे गाळे, त्यामुळे तिथे टफन. बाकी ठिकाणी चौकोन लहान आणि उंचावर, तिथे साधी चालली. टफन झाल्यावर काच कापता येत नाही, एक सूतही नाही, घासता पण येत नाही, त्यामुळे माप चुकलं की पैसे पाण्यात.

मापावरून आमच्या मिस्त्रींचं सांगायला पाहिजे. सासवडचे आहेत, वय झालेलं, मोबाइलवर बोलत बोलत काम करत नाहीत हा पहिला गुण. ते म्हणाले, ताई, ही दारं हातानं केल्याली हायत, एका घराचं, म्हंजी चौकोनाचं, माप दुसऱ्याला लागणार न्हाई. मला वाटलं उगीच बोलतायत, पण मोजलं तर एकाच दारातल्या शेजारच्या दोन चौकोनांत दोन सुताचा फरक, म्हणजे पाव इंच. मग प्रत्येक चौकोन वर, मधे, खाली असा मोजायचा, तिन्हीतलं सगळ्यात लहान माप धरायचं, त्यातून एक सूत कमी करायचं आणि चौकोनाच्या खाचेत पेन्सिलीने नंबर घालायचा. तोच नंबर कागदावर आणि मग काचेवर. किचनच्या गाळ्यांचे तर त्यांनी पुठ्ठ्याचे साचे कापून दिले, कारण एक गाळा वरून खाली थोडा निमुळता निघाला.

जाडीचा पण प्रश्न येतो. जुनी काच तीन एमएमच्या आसपास होती आणि नवी फ्लूटेड पाच. म्हणजे खाचेत काच बसली तरी समोरची काच धरणारी बीडिंगची पट्टी बाहेर येते. मिस्त्रींनी नवीन पट्ट्या सागाच्याच, जरा बारीक रंधून केल्या. वजनाचा हिशोब असा की एक चौरस मीटर काचेला दर एमएमला अडीच किलो, म्हणजे पाच एमएमची साडेबारा किलो. किचनच्या दारात काच बरीच आहे, तिथे तेवढं वजन वाढणार म्हणून वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून लांब घातले. हे आधीच केलेलं बरं, दार वजनाने खाली बसलं की फरशीला घासायला लागतं आणि मग रोज सकाळी त्याचा आवाज.

काचा काढायचं काम बघायला मी खुर्ची टाकून बसले होते. आधी प्रत्येक काचेवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीची फुली, म्हणजे तडकली तरी तुकडे जागेवर राहतात. मग पट्टी आणि चौकट यांच्या सांध्यावरून कटर फिरवायचा कारण रंगाचे, पॉलिशचे इतके थर बसलेले असतात की पट्टी कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं तेच कळत नाही. सांधा सुटला की पातळ पटाशी पट्टीच्या मध्यावर घालायची, कोपऱ्यात नाही, मध्यावर पट्टी वाकते आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, हळूच वर येतात. त्या चुका गंजून बारीक झालेल्या, काही अर्ध्यातच तुटल्या, त्या पकडीने धरून काढल्या. पट्टीखाली लांबी, म्हणजे पुटी, चॉक पावडर आणि जवसाच्या तेलाची, जी आता इतकी कडक झालेली की पटाशी सटकायची. तिचे अगदी बोटाच्या पेराएवढे टवके काढत काढत जायचं. एक काच निघाली तेव्हा तिची कड पाहिली. पट्टीखाली झाकलेली जी अर्धा इंच कड होती तिचा पिवळा रंग एकदम तेजस्वी, मधासारखा नाही म्हणणार पण सुंदर, आणि बाकीची काच तिच्यापुढे मळकट तपकिरी. म्हणजे आम्ही जो रंग इतकी वर्षं शिव्या देत बघत होतो त्यातला निम्मा काचेचा नव्हताच, तूप, उदबत्ती आणि धूळ यांचा होता. आईंनी लगेच, बघ, अप्पांची चॉइस, असं म्हणून घेतलं.

एक काळजी घ्या. जुन्या दारांवरच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासून घरभर पीठ उडवू नका, पाणी लावून घासा, मास्क लावा, आणि त्या दिवशी पोरांना आजोळी धाडा. हीट गनने रंग जाळायच्या भानगडीत पण पडू नका.

नवीन काच बसवताना खाचेत सिलिकॉनची बारीक रेघ, त्यावर काच, मग पट्टी. पूर्वी दार आपटलं की आठही काचा झणझणायच्या, अप्पा घरात आल्याची ती खूण होती, आता आवाज बंद. पट्ट्यांना दाराच्या रंगाशी जुळेल असं पॉलिश करायला थोडा वेळ लागला, नवा साग फिका असतो, त्याला टिंट घालून दोन हात द्यावे लागले, तरी अजून जवळून फरक दिसतो. वर्षभरात दिसेनासा होईल असं मिस्त्री म्हणतात.

खर्च? कॉन्ट्रॅक्टरने एका फ्लश डोअरचा जो आकडा सांगितला होता त्यात थोडी भर घालून चारही दारं झाली, काचा, टफनिंग, पट्ट्या, मजुरी धरून. काचवाले माप पुढच्या तीन इंचाला वर चढवून बिल लावतात, म्हणजे साडेदहा इंचाचा तुकडा बारा इंचाचा धरतात, लहान लहान चौकोन असले की हे बरंच वाढतं. आधी विचारून घ्या.

जुन्या काचांचं म्हणाल तर रद्दीवाला सपाट काच घेत नाही, आणि मला द्यायच्या पण नव्हत्या. मोरीत साबण आणि प्लास्टिकच्या ब्रशने धुतल्या. लाल आणि हिरव्यांतल्या चांगल्या निवडून त्या गॅलरीच्या व्हेंटिलेटरला बसवल्या, पश्चिमेच्या त्या भगभगाटात त्या अशा काही उठून दिसतात की आता येणारे पाहुणे विचारतात कुठून आणल्या. तपकिरी उरल्या, त्या कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात कारण सोसायटीत सगळ्यांकडे हीच नक्षी आहे आणि बाजारात ती आता मिळत नाही. कुणाची फुटली की आमच्याकडेच येणार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दोन घेऊन गेल्या पण, बदल्यात आंब्याचं लोणचं आलं.

सगळे विचारतात की फ्लूटेड काच पुसायला कटकट आहे का. आहे. आडवं पुसलं की रेघांत ओलसर धूळ अडकते, उभं पुसायचं, वरून खाली, जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन. आणि किचनच्या दाराला गुळगुळीत बाजू किचनकडे ठेवायला सांगा. काचवाला आणि मिस्त्री दोघंही ते स्वतःहून विचारत नाहीत.